व्यक्तिचित्र आणि चेहऱ्याचं रेखाटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण जमतो, एकाला खुर्चीत बसवतो आणि बाकीचे त्याला काढतात. आजवर येऊन गेलेल्यांनी आणि नुसतं चौकशीसाठी विचारणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे फक्त आकडा दिला आहे.

1. व्यक्तिचित्र म्हणजे चेहरा काढणंच ना? मग वेगळं नाव कशाला?

मंडईतल्या एका म्हातारीचा चेहरा तुम्ही काढला, सुरेख उतरला, पण ती कोण याच्याशी पाहणाऱ्याला देणंघेणं नाही. हा चेहऱ्याचा अभ्यास. कलाशाळेत याला 'हेड स्टडी' म्हणतात. तेच चित्र तिच्या नातवाला दाखवल्यावर तो "आजी!" म्हणाला पाहिजे अशी जबाबदारी तुम्ही अंगावर घेतलीत, की ते व्यक्तिचित्र. फरक जबाबदारीचा आहे, तंत्राचा नाही. मोगल दरबारात यालाच 'शबीह' म्हणत. अर्कचित्र हे त्याचं खट्याळ भावंड. तिथेही माणूस ओळखू यावाच लागतो, फक्त प्रमाणं मुद्दाम बिघडवलेली असतात.

2. माणूस हुबेहूब काढायची कला आपल्याकडे इंग्रजांनी आणली का?

तेलरंग, कॅनव्हास आणि छायाप्रकाशाने उठाव आणायची पद्धत युरोपातून आली. हुबेहूबपणाची हौस मात्र आपली जुनीच आहे. भागवतातली उषा स्वप्नात एका तरुणाला पाहते आणि तो कोण ते तिला कळत नाही. तिची मैत्रीण चित्रलेखा देव, गंधर्व, यादव असे एकेकाचे चेहरे काढून दाखवत जाते. अनिरुद्धाचं चित्र येतं तेव्हा उषा लाजून मान खाली घालते. पोलिसांच्या रेखाचित्रकाराचं कामही याहून फार वेगळं नाही.

पुराण सोडून ग्रंथाकडे यायचं तर कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' पाहा. आरशातल्या प्रतिबिंबासारखं साम्य ज्यात लिहिलं जातं, त्या चित्राला तो 'विद्ध' म्हणतो आणि इतर प्रकारांपासून ते वेगळं काढतो. व्यक्तिचित्राची यापेक्षा नेमकी व्याख्या मला तरी सापडलेली नाही.

3. मोगल चित्रांत माणसं नेहमी एका बाजूने का दिसतात? त्यांना समोरचा चेहरा जमत नव्हता का?

जमत होता. आधीच्या चित्रांत पाऊण चेहरे, म्हणजे समोरून थोडे वळलेले, भरपूर आहेत. बाजूने काढलेल्या चेहऱ्यात कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची एक सलग रेषा मिळते आणि ती प्रत्येक माणसाची वेगळी असते. ओळख पटवायला ती सर्वांत भरवशाची. शिवाय दरबारात बादशहापुढे उभा असलेला माणूस बाजूनेच शोभतो. अकबराने स्वतःचं आणि दरबारातल्या सगळ्या मानकऱ्यांचं चित्र काढवून घेतल्याचं अबुल फझल 'आइन-इ-अकबरी'त सांगतो. जहांगीर तर याचा शौकीनच होता. 1613 मध्ये त्याने इराणला वकील पाठवला, तेव्हा शाह अब्बासची शबीह काढायला बिशनदास हा चित्रकार सोबत दिला.

माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत जिवंत काम रंगीत नाही. 1618 मध्ये इनायत खान हा दरबारी अफू आणि दारूने खंगून मरायला टेकला आणि बादशहाची परवानगी मागायला पालखीतून आला. त्याची अवस्था पाहून जहांगीर थक्क झाला आणि त्याने चित्रकारांना लगेच काढायला बसवलं. इनायत खान दुसऱ्याच दिवशी गेला. ते रेखाटन आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे आणि त्यावरून केलेलं रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की रेखाटन कशासाठी करायचं ते कळतं. बरगड्या, लोडाला टेकलेला सांगाडा, कुठेतरी हरवलेली नजर, हे सगळं रंगीत चित्रातही आहे, पण तिथे उशा-लोडांच्या रंगांनी ते थोडं झाकलं जातं. रेखाटनात पळवाट नाही.

4. शिवाजी महाराजांचं खरं चित्र कोणतं?

हा प्रश्न दर महिन्याला येतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, गोवळकोंडा शैलीतली काही चित्रं आहेत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या चित्रसंग्रहात एक आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक आहे. मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहंमद या चित्रकाराकडून करवून घेतलेल्या संग्रहातलं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. गोवळकोंड्याला अशा चित्रांचे संच युरोपीय गिऱ्हाइकांसाठी तयार होत, तेव्हा 'महाराज समोर बसले आणि चित्रकाराने काढलं' असं समजून त्यांच्याकडे पाहू नका. तरी धारदार नाक, निमुळती दाढी आणि कल्ले यांत बराच मेळ दिसतो.

एके काळी इब्राहिम खान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात असे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथातलं चित्र पुढे आणून ती चूक दुरुस्त केली. दिनदर्शिकांवरचे रुबाबदार चेहरे त्यानंतरच्या चित्रकारांच्या कल्पनेतले आहेत. त्यात गैर काही नाही, फक्त ते पुरावा म्हणून दाखवू नयेत.

5. महाराष्ट्रात पाश्चात्त्य पद्धतीने व्यक्तिचित्रं कधीपासून काढली जाऊ लागली?

लोक मुंबईच्या जे. जे. कलाशाळेपासून सुरुवात धरतात, पण ती पुण्यात पेशवाईतच झाली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईला आला आणि पुढे पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट (दरबारातला वकील) चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने राहिला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकत्र दाखवणारं त्याचं तैलचित्र प्रसिद्ध आहे. आज आपल्या डोळ्यांपुढे नानांचा जो उंच, किडकिडीत माणूस येतो, त्यात या चित्राचा वाटा मोठा आहे. मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळाही निघाली. गंगाराम तांबट हा तिथला सर्वांत नामांकित विद्यार्थी. त्याने वेरूळची लेणी कागदावर उतरवली. वेल्स 1795 मध्ये वारला आणि पुढे पेशवाईच गेली.

दुसरी आणि टिकलेली सुरुवात 1857 ची, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची. 1888 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली, तिची प्रदर्शनं आणि पदकं आली. संस्थानिक, पारशी घराणी, नगरपालिकांची सभागृहं, न्यायालयं यांना भिंतीवर माणसं हवी होती. पेस्तनजी बोमनजी, गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद, धुरंधर, कोल्हापूरचे आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर, सावळाराम हळदणकर, गोपाळ देऊसकर अशी ती रांग आहे. ती तुटलेली नाही. वासुदेव कामत यांच्या 'माय वाइफ' या चित्राला 2006 मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं.

6. हातात दिवा घेतलेली ती साडीतली मुलगी रविवर्म्याचीच ना?

नाही. ते 'ग्लो ऑफ होप', सावळाराम हळदणकरांचं, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं. समोर बसलेली त्यांची मुलगी गीता. रविवर्मा 1906 मध्येच गेले होते आणि हे चित्र 1940 च्या दशकातलं. गंमत अशी की ते तैलरंगातही नाही, जलरंगात आहे. बोटांच्या फटीतून झिरपणारा लालसर उजेड कोरा कागद राखून आणि पातळ रंगाचे थर देऊन आणला आहे. जलरंगात चुकलेला उजेड परत मिळत नाही, हे ज्याने एकदा करून पाहिलंय त्याला त्या चित्रापुढून हलवत नाही.

7. नाक-डोळे नीट येतात, पण माणूस तो वाटत नाही. सारखेपणा कशात असतो?

मधल्या जागांत. डोळे छान काढलेले असतात, पण दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाखालून वरच्या ओठापर्यंतची जागा, भुवई आणि पापणी यांमधली पट्टी, कानापासून गालापर्यंतचा पसारा इथे घोळ झालेला असतो. माणूस लांबून, पाठमोरासुद्धा ओळखू येतो, म्हणजे ओळख पापण्यांच्या केसांत नाही.

मी सांगतो ती पद्धत अशी. पहिली दहा मिनिटं अवयव काढायचेच नाहीत. डोक्याचा एकूण आकार, मानेचा कल, खांद्याची रेषा एवढंच. मग डोळे बारीक करून पाहायचं आणि अंधाराचे दोन-तीन मोठे पट्टे टाकायचे: डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालची सावली, हनुवटीखालची. इतक्यावर "अरे, हा तर अमका" असं शेजारच्याने म्हटलं तर पुढे जा. नाही म्हटलं तर पापण्या रंगवून तो येणार नाही.

डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर, चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी, ही पुस्तकी मापं सरासरीची आहेत. ती पाठ करायची ती समोरचा माणूस त्यांपासून किती हटतो हे मोजायला. लहान मुलात डोळे मध्याच्या खाली असतात. कवळी काढून ठेवलेल्या आजोबांत नाक-हनुवटी जवळ येतात आणि चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग आकसतो. पुस्तकी मापाने काढलेले आजोबा पन्नाशीचे दिसतात. खूश होतात, तो भाग वेगळा.

8. सुरुवातीला काय काय विकत घ्यावं?

एचबी, टूबी, सिक्सबी या तीन पेन्सिली, कार्ट्रिज कागद, ड्रॉइंग बोर्ड, चार क्लिपा, मळता येणारं पुट्टी रबर. हात बसला की कोळशाच्या काड्या. परदेशी डबा बक्षीस मिळाला तर घ्या, स्वतःहून घेऊ नका. महाग कागदावर हात आखडतो.

9. सावळ्या माणसाचा चेहरा काढला की सगळा काळाकुट्ट होतो. कागद पांढरा ठेवला तर गोरा दिसतो. काय करू?

गोऱ्या प्लास्टरच्या पुतळ्यांवर शिकल्याचा हा परिणाम. आपण त्वचेचा रंग आणि त्यावर पडलेली सावली एकाच पेन्सिलीने एकाच वेळी दाखवायला जातो.

राखाडी किंवा बदामी रंगाचा कागद घ्या आणि कागदाचा रंग हीच त्वचेची मधली छटा समजा. कोळसा फक्त सावलीला. मग नीट पाहा: सावळ्या त्वचेवर उजेडाचे ठिपके गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त धारदार चमकतात. कपाळाचा उंचवटा, गालाचं हाड, नाकाचा शेंडा, खालचा ओठ. तिथे पांढऱ्या खडूचा हलका स्पर्श, चार-पाच जागी. संपूर्ण गाल पांढरा घासलात की पावडर फासल्यासारखं दिसेल. पांढरा कागदच हाती असेल तर सगळ्या चेहऱ्यावर कोळशाचा हलका थर पसरा आणि उजेड पुट्टी रबराने उचलून घ्या.

10. चष्मा, कुंकू, नथ, फेटा: हे चेहऱ्याआधी की नंतर?

एकेकाचं वेगळं आहे. कुंकू लगेच टिंबाने टाका. कुंकू, नाकाचा शेंडा आणि हनुवटी जोडली की मान किती वळली आहे ते फुकटात कळतं. नथ सर्वांत शेवटी, आणि तिची ओठावर पडलेली सावली विसरू नका. सावलीशिवाय ती चिकटवल्यासारखी दिसते.

फेट्याआधी कवटी. बहुतेक जण फेटा हौसेने रंगवतात आणि आत डोक्याला जागाच उरत नाही.

चष्मा डोळ्यांनंतर, आणि काडी सलग गडद काढू नका, उजेडाकडे ती तुटू द्या. वजा नंबरच्या जाड भिंगातून डोळा लहान दिसतो आणि गालाची कडा भिंगाच्या आत सरकलेली दिसते. ही सरकलेली कडा जशीच्या तशी काढा. दिसताना चूक वाटते, पण तिच्याशिवाय तो माणूस येत नाही.

11. समोर बसणाऱ्याला किती वेळ बसवावं? बोललं तर चालतं का?

वीस-पंचवीस मिनिटं, मग विश्रांती. उठण्याआधी पायाभोवती आणि कोपराखाली खडूने खुणा करा. नजर ठेवायला भिंतीवर एक वस्तू द्या. घड्याळ देऊ नका, चेहरा कंटाळतो. गप्पा मारा, तोंड काढत असाल तेवढ्यापुरत्या थांबवा. अगदी गप्प बसवलेला माणूस पासपोर्टच्या फोटोसारखा होतो.

वेळ कमी असला तरी अडत नाही. हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकाराला 1538 मध्ये ब्रसेल्सला डेन्मार्कच्या क्रिस्टिनासमोर तीन तास मिळाले, इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यासाठी स्थळ म्हणून. त्या रेखाटनावरून त्याने पूर्णाकृती चित्र उभं केलं. त्याची अशी ऐंशीएक रेखाटनं विंडसर कॅसलला आहेत. अनेकांवर कापडाचा रंग कोणता, मखमल कुठे, अशा टिपणी चेहऱ्याशेजारीच लिहिल्या आहेत. वेळ चेहऱ्याला द्यायचा, कापड नंतर घरी.

12. लोक म्हणतात "मी असा दिसतो?" मग थोडं सुधारून काढलं तर बिघडलं कुठे?

होल्बाइनचंच पुढे ऐका. 1539 मध्ये त्याने हेन्रीसाठी क्लीव्ह्जच्या ॲनचं चित्र काढलं. राजाने होकार दिला, प्रत्यक्ष पाहिल्यावर नापसंती दाखवली, लग्न झालं आणि सहा महिन्यांत मोडलंही. ज्याने स्थळ जुळवलं त्या मंत्री क्रॉमवेलचं डोकं उडालं. होल्बाइन वाचला. स्थळासाठी काढलेल्या फोटोंचा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे, जास्त सांगत नाही.

माझा नियम: आज आहे आणि पंधरा दिवसांनी नसेल ते वगळायचं, म्हणजे पुटकुळी, लागल्याची खूण, झोप न झाल्याची सूज. कायम आहे ते ठेवायचं. आणि माणूस स्वतःला आरशात उलटा पाहत आलेला असतो, त्यामुळे त्याचं मत पहिल्या दिवशी धरू नये. घरच्यांना विचारावं.

13. फोटोवरून काढणं म्हणजे फसवणूक का?

नाही, पण फोटोची खोड माहीत हवी. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फ्लॅशमध्ये नाकाखालची सावली नाहीशी होते, म्हणजे प्रश्न 7 मधले पट्टेच मिळत नाहीत. चौकटी आखून काढलं तर फोटोची चूकही इमानदारीने उतरते. निदान तीन-चार वेगवेगळे फोटो मागा आणि माणूस हयात असेल तर दहा मिनिटं भेटा. दात दाखवून हसणारा फोटो शक्यतो नको. हसू क्षणाचं असतं, चित्र वर्षानुवर्षं भिंतीवर राहतं, आणि दात एकेक करून काढले की ते हसू कवळीच्या जाहिरातीसारखं दिसतं.

14. गेलेल्या माणसाचं चित्र हवंय आणि एकच पुसट फोटो आहे. जमेल का?

जमतं, पण काम चित्रकाराचं कमी आणि चौकशीचं जास्त. माझ्याकडे एकदा एका कुटुंबाने वडिलांच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणली. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. मी विचारलं, चेहऱ्याने वडिलांवर कोण गेलंय? धाकट्या मुलाला खिडकीशी बसवलं, उजेड आणि हाडं त्याची घेतली, प्रमाणं झेरॉक्सची. चित्र दाखवल्यावर सगळे "छान, छान" म्हणाले. आई काही बोलेनात. मग म्हणाल्या, "हे असं सरळ बघायचे नाहीत. डाव्या कानाने ऐकू यायचं नाही ना, उजवा कान पुढे करायचे." मान बोटभर वळवली, तेवढंच. त्या उठून आत चहा टाकायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत विचारतो: माणूस कसा बसायचा, कोणत्या कुशीला वळायचा, चष्मा कुठपर्यंत घसरायचा. माहिती जोडीदाराकडून घ्यावी. मुलं वडिलांकडे फारशी पाहत नाहीत.

15. पैसे घेऊन काढलेल्या चित्राचा हक्क कोणाचा?

इथे बरेच जण फसतात. सर्वसाधारण नियम असा की चित्र काढणारा कॉपीराइटचा पहिला मालक. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 17 मध्ये अपवाद आहे: कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला मालक ते काढवून घेणारा ठरतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे छापील प्रती विकायच्या असतील तर आधीच चार ओळी लिहून सही घ्या. चित्रकार म्हणून आपलं नाव सांगण्याचा आणि चित्राची विटंबना झाल्यास हरकत घेण्याचा हक्क कलम 57 प्रमाणे तरीही तुमच्याकडेच राहतो.

उलट बाजूही पाहा. दुसऱ्याने काढलेल्या फोटोवरून (प्रश्न 13) चित्र करून विकायचं असेल तर परवानगी छायाचित्रकाराकडूनही लागू शकते, फोटोतल्या माणसाने हो म्हटलं म्हणून भागत नाही. मोठी रक्कम गुंतली असेल तर वकिलाला विचारा.

16. लोकलमध्ये, एसटीत अनोळखी माणसांना काढलं तर चालतं का?

सराव म्हणून यासारखी शाळा नाही. कोणी रोखून पाहतंय हे माणसाला लगेच कळतं, म्हणून झोपलेल्यांपासून आणि मोबाइलमध्ये बुडालेल्यांपासून सुरुवात करा. पकडले गेलात तर वही पुढे करा, लपवू नका. बाईमाणूस अवघडलेली दिसली तर पान उलटा आणि खिडकीबाहेर बघा. लहान मुलाला काढायचं तर सोबतच्या मोठ्यांना आधी विचारा.

17. अस्सल कामं पाहायला कुठे जावं?

औंधला श्री भवानी संग्रहालय, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं. साताऱ्याकडे जाणं झालं तर चुकवू नका. पणजीला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत त्रिंदादांचा संग्रह आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहण्याऐवजी एकदा दोन्ही चेहऱ्यांतल्या मधल्या जागा (प्रश्न 7) ताडून पाहा. माणूस एकच आहे.

18. कोळशाचं चित्र टिकवायचं कसं? पावसाळ्यात माझ्या चित्राला बुरशी लागली.

फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा, हातभर अंतरावरून, दोन-तीन हलक्या फवाऱ्यांत. एकदम ओलं केलंत तर गडद भाग चिकट होतात आणि पांढरा खडू जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून खडूचे ठिपके फवारणीनंतर पुन्हा द्या. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी हवी. बुरशी मागून येते: बाहेरच्या भिंतीवर, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर फ्रेम लावू नका आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, वारा खेळतो. लागलेली बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका. चित्र फ्रेममधून काढून कोरड्या हवेत ठेवा, पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने कडेकडेने झटका. ब्रश कोळशावर गेला तर गालही जाईल.